स्थानिक नभोवाणीवरील चर्चा : नाव, सर्वनाम आणि संहिता

मराठीच्या अभ्यासक्रमात नभोवाणीचा विचार होतो तो प्रामुख्याने नभोनाट्य, श्रुतिका, भाषण आणि संगीतिका या अंगांनी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'मुळे या माध्यमाचे वाङ्मयीन सामर्थ्य सर्वमान्य झाले आणि त्यानंतरचा बहुतेक विचार लेखकाने लिहिलेल्या व कलावंताने सादर केलेल्या संहितेभोवती फिरत राहिला. परंतु नभोवाणीवर असे बरेच काही बोलले जाते ज्याला लेखक नाही. गावातील पाणी, रेशन, रस्ता, शाळा, दारूचे दुकान अशा चालू प्रश्नांवर निवेदक, एखादा पाहुणा आणि दूरध्वनीवरून बोलणारे श्रोते यांच्यात होणारी चर्चा ही या वर्गातली. तिला वाङ्मय म्हणावे की नाही हा वाद येथे बाजूला ठेवला आहे. ती मराठी भाषेतील एक घडीव उक्तिप्रकार आहे, तिला स्वतःचे संकेत आहेत, आणि त्या संकेतांचा उगम पुष्कळ अंशी कायद्यात आहे, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९६७च्या निवडणुकीनंतर काही राज्यांत बिगर-काँग्रेस मंत्रिमंडळे आली आणि त्या सुमारास आकाशवाणीची प्रसारणसंहिता आकारास आली. मित्रराष्ट्रांवर टीका, धर्मांवर वा जमातींवर हल्ला, न्यायालयाचा अवमान, राष्ट्रपती व न्यायसंस्था यांच्या सचोटीविषयी शंका या गोष्टी तिने वर्ज्य ठरविल्या. त्यांच्याच जोडीला कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन केलेला हल्ला आणि केंद्र वा राज्य शासनावरील वैरभावाची टीका याही वर्ज्य ठरल्या. 'नाव घेऊन' हे दोन शब्द साहित्याच्या अभ्यासकाने अधोरेखित करावेत असे आहेत. टीका करता येते, नाव घेता येत नाही.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. जीवन रेड्डी यांची त्यातील निकालपत्रे भाषणस्वातंत्र्याच्या चर्चेत आजही आधाराला घेतली जातात. तथापि खाजगी एफ.एम. केंद्रे सुरू झाल्यानंतरही वार्ता आणि चालू घडामोडी हा प्रांत शासनाने आकाशवाणीकडेच ठेवला. २०११च्या धोरणाने खाजगी केंद्रांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुनःप्रसारित करण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी व वीजपुरवठा, नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती 'वार्ता' नव्हे, असेही त्याच धोरणाने ठरविले. म्हणजे पाणी कधी येणार हे सांगणे ही माहिती, आणि ते का आले नाही हे विचारणे ही चालू घडामोड. ही सीमारेषा धोरणपत्रिकेवर काढणे सोपे आहे. बोलणाऱ्याच्या तोंडात ती दोन वाक्यांच्या मध्ये कोठेतरी पडते.

समुदाय नभोवाणीच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र होतो. डिसेंबर २००२मध्ये अशा केंद्रांची परवानगी केवळ शिक्षणसंस्थांपुरती होती. नोव्हेंबर २००६च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. शंभर वॅट शक्तीचे, आसपासच्या काही गावांपुरते ऐकू येणारे हे केंद्र. निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा आणि तो शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा. मात्र वार्ता, चालू घडामोडी वा अन्यथा राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम त्याला वर्ज्य. गावाने आपल्या बोलीत बोलावे, फक्त राजकारण बोलू नये, असा या तरतुदींचा एकत्रित अर्थ होतो. ज्याने महाराष्ट्रातील एखादी चावडी पाच मिनिटे ऐकली आहे त्याला ही अपेक्षा किती कृत्रिम आहे हे सांगावयास नको.

आता भाषेकडे वळावयाचे. या चर्चेचा आरंभ जवळजवळ सर्वत्र एकाच सूत्राने होतो : आपलं नाव काय आणि आपण कुठून बोलता? शहरी वाहिनीवर हा शिष्टाचार निरुपद्रवी वाटतो. परंतु ज्या केंद्राचा आवाका दहाबारा गावांचा आहे तेथे नाव, आडनाव आणि गाव एवढे कळले की बोलणाऱ्याची जात, आळी, भावकी आणि बहुधा राजकीय गटही श्रोत्यांना कळतो. दुसऱ्या बाजूस, ज्याच्याविषयी तक्रार करावयाची त्याचे नाव घ्यावयाचे नाही असा संकेत. परिणामी या चर्चेत बोलणारा नावानिशी उभा असतो आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो निनावी राहतो.

या विषमतेचे महत्त्व मराठी निबंधाच्या इतिहासाशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात जी पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने. सरकारी नोकरीत असलेल्या, स्वजातीवर कठोर टीका करणाऱ्या लेखकाला त्या नावाची ओट होती. मराठीतील सामाजिक टीकेच्या आरंभकाळातच लेखक झाकलेला आणि टीकेचा विषय उघडा, अशी मांडणी आढळते. स्थानिक नभोवाणीने ती नेमकी उलटी केली. वृत्तपत्रांच्या वाचक-पत्रव्यवहाराशी या चर्चेची तुलना वारंवार केली जाते, पण ती या एका मुद्द्यावर टिकत नाही.

नाव घेता येत नसेल तर बोलणारा काय करतो? पहिला मार्ग व्याकरणाचा आहे. मराठीत 'रस्ता केला नाही' या वाक्याला कर्ता लागतो. तो उच्चारला नाही तरी त्याची जागा रिकामी राहून ऐकू येते. 'रस्ता झाला नाही' या वाक्यात ती जागाच नाही. उदाहरणादाखल एक रचलेली जोडी घेता येईल. श्रोता म्हणतो, 'दोन वर्षं झाली, मंजूर होऊन रस्ता केला न्हाई.' निवेदक त्याचे सार सांगतो, 'म्हणजे आपल्या गावात रस्ता झालेला नाही, असं आपलं म्हणणं आहे.' एका क्रियापदाच्या बदलाने तक्रारीची परिस्थिती झाली. निवेदकाचा हेतू दुष्ट असतो असे मुळीच नाही. तो केंद्राची परवानगी सांभाळत असतो. परंतु 'करणे'ऐवजी 'होणे' आणि 'ण्यात येईल' या प्रयोगांची सवय जडली की ती त्याची शैली बनते, आणि श्रोतेही हळूहळू तीच उचलतात.

दुसरा मार्ग सर्वनामाचा, आणि या प्रकाराच्या अभ्यासात तो सर्वांत फलदायी ठरेल. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद उपलब्ध आहे : ऐकणाऱ्याला वगळणारे प्रथमपुरुषी अनेकवचन आणि त्याला सामावून घेणारे. शिवाय 'आपण' हे आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे. नभोवाणीवरील चर्चेत श्रोता बहुधा 'आम्ही'त बोलतो : आम्हाला पाणी येत नाही. निवेदक आणि पाहुणा 'आपण'मध्ये उत्तर देतात : आपण पाणी जपून वापरलं पाहिजे. पहिल्या वाक्यात दोन पक्ष आहेत, पाणी न मिळणारे आणि ते न देणारे. दुसऱ्यात एकच पक्ष उरतो, आणि त्यात टँकरची वाट पाहणारी बाई, पाणीपुरवठ्याचा अधिकारी व निवेदक हे सारे एका रांगेत उभे राहतात. 'आपण' हा शब्द सौजन्याचा आहे, आपुलकीचा आहे. त्याच्या या गुणांमुळेच त्याला विरोध करणे अवघड जाते. 'आपण नाही, तुम्ही' असे म्हणणारा श्रोता उद्धट ठरतो.

अर्थात हे सर्वनाम नेहमीच झाकण्याचे काम करते असे नाही. दारूबंदीसारख्या प्रश्नावर बोलताना एखादी स्त्री 'आपण बायकांनी' म्हणते तेव्हा त्याच शब्दाने नवा पक्ष उभा राहतो. येथे 'आपण' सर्वांना सामावत नाही. ते काहींना बोलावते आणि म्हणूनच इतरांना वगळते. त्यामुळे कोणी कोणत्या क्षणी 'आम्ही' सोडून 'आपण' धरले याची नोंद घेणे हा संहितावाचनाचा पहिला पाठ मानावा.

तिसरा मार्ग म्हणींचा व दृष्टान्तांचा. 'कुंपणच शेत खातं' असे म्हटले की कोणाचे नाव घ्यावे लागत नाही आणि गावाला नाव कळल्यावाचून राहत नाही. एकनाथांच्या भारुडात सोंगाच्या मुखातून बोलण्याची जी सोय आहे, तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या जे साधतो, सत्यशोधकी व आंबेडकरी जलशांनी ज्या युक्तीने गावच्या सत्तेला गावातच उभे राहून हटकले, त्या सर्वांशी या बोलण्याचे नाते आहे. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक संवादमालिकेने हीच सोय मध्यमवर्गीय घरात आणली. पंत, टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी महागाई वा नागरी गैरसोय यांवर बोलत, ते घरातील कुरबुरीच्या रूपात. भावजींच्या तोंडची तिरकस टिप्पणी ही भावजींची होती, आकाशवाणीची नव्हती. फरक इतकाच की तेथे सोंग लेखकाने दिलेले होते. दूरध्वनीवरील श्रोत्याला सोंग नाही. त्याच्याकडे फक्त म्हण आहे.

बोलीचा प्रश्न यात गुंतलेला आहे. श्रोता प्रारंभी प्रमाणभाषेत, किंवा त्याला जी प्रमाणभाषा वाटते तीत, बोलतो : 'आमच्या गावामध्ये पाण्याची समस्या आहे.' 'समस्या' हा शब्द बहुधा शाळेतून वा बातमीपत्रातून आलेला असतो. बोलणे तक्रारीच्या गाभ्याशी आले की तो 'न्हाई', 'व्हतं', 'म्या'वर उतरतो. हे उतरणे अडाणीपणाचे लक्षण मानून ऐकणाऱ्यांची संख्या अध्यापकवर्गातही कमी नसावी. वस्तुतः ती जागा अर्थाच्या दृष्टीने निर्णायक असते. निवेदक सार सांगताना जे प्रमाणभाषेत आणतो त्यात क्रियापदासह धारही बदलते, हे वर पाहिले. समुदाय केंद्रावर निवेदकच त्या परिसरातला असल्याने हे अंतर घटते. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८पासून चालू झालेल्या 'माणदेशी तरंग' या केंद्राच्या परिसरात निवेदिका ही 'ताई' असते, 'महोदया' नव्हे. आणि ताईशी बोलताना 'समस्या' म्हणण्याची गरज कमी भासते.

माणदेशाचेच उदाहरण पुढे नेता येईल. २०१२-१३च्या दुष्काळात त्या भागातील जनावरे चारा-छावण्यांत होती. छावणी, चारा, पेंड, टँकर यांविषयी बोलणे शेतीविषयक, आपत्तीविषयक, म्हणून अनुज्ञेय. परंतु छावणी कोणत्या गावाला मिळाली, कोणाला नाही, टँकर कोणत्या वस्तीवर आधी जातो हे विचारले की तेच बोलणे राजकीय होते. दुष्काळात अराजकीय असा चाऱ्याचा प्रश्न शिल्लक राहतो का, याचे उत्तर धोरणपत्रिकेत नाही. नभोवाणीवरील चर्चेला ते दर वेळी वाक्यरचनेतच शोधावे लागते, आणि तेथे 'आपण' व 'होणे' यांची मदत अपरिहार्य ठरते. निवेदिकेवर ठपका ठेवणाऱ्या समीक्षकाने हे ध्यानात घ्यावे. केंद्र बंद पडले तर 'छावणीत पेंड कधी येणार' एवढे विचारण्याची जागाही जाते.

संशोधनाच्या दृष्टीने एक अडचण मोठी आहे. समुदाय केंद्रांना कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन आहे. त्यापुढे ते ठेवण्याची सक्ती नाही. ही तरतूद तक्रार आल्यास तपासणीसाठी केलेली आहे, अभ्यासासाठी नव्हे. त्यामुळे या प्रकाराची संहिता हातात येण्यापूर्वीच नाहीशी होते. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्याच जिल्ह्यातील एका केंद्राची एका महिन्याची चर्चा, केंद्राच्या आणि बोलणाऱ्यांच्या संमतीने, लिप्यंतरित केली तरी ते मोलाचे काम होईल. मात्र लिप्यंतर करताना शुद्धलेखनाचे नियम लावून बोली सुधारण्याचा मोह आवरावा लागेल, आणि बोलणाऱ्यांची नावे व गावे वगळावी लागतील. विराम, एकमेकांवर चढलेले आवाज, मागे ऐकू येणारी मोटार वा जनावरे यांच्या खुणाही आवश्यक.

विशेषतः एका सूत्राची नोंद काटेकोर ठेवावी. बोलणे रंगात आले असता निवेदकाचा आवाज येतो, 'संपर्क तुटलेला दिसतो,' आणि गाणे सुरू होते. अनेकदा संपर्क खरोखरच तुटलेला असतो. ग्रामीण भागात ते नवल नाही. कधी तो तोडलेला असतो. येथेही मराठीला 'तुटणे' आणि 'तोडणे' अशी दोन क्रियापदे आहेत, आणि नभोवाणीवर त्यांपैकी एकच ऐकू येते. तेव्हा ते वाक्य कोणत्या शब्दानंतर आले, मध्ये किती सेकंद गेले आणि पाठोपाठ कोणते गाणे लागले, हे लिप्यंतराच्या समासात लिहून ठेवावे.