अंगठा, पावती आणि भांडण

तलासरीच्या पाड्यांवरून बँकेत जाऊन पैसे काढायचे म्हणजे दिवस मोडतो. रिक्षा, रांग, त्यात स्लिप कोण भरून देणार ही पंचाईत. म्हणून दुकानातच अंगठा लावून पैसे काढायची सोय झाली, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. मला ती सोय आजही आवडते. तरी माझ्या वडिलांच्या बाबतीत काय झालं ते सांगून ठेवतो.

बाबांनी जन्मभर डहाणूच्या वाड्यांत चिकू उतरवले, गवत कापलं. बोटांवर रेषा कुठून राहणार! दुकानातल्या त्या केंद्रावर ठसा काही जुळेना. मग एकदा यंत्रावर 'व्यवहार अयशस्वी' असं आलं, केंद्र चालवणाऱ्या पोराने पुन्हा अंगठा लावायला सांगितलं आणि ३,००० रुपये हातात दिले. पुढे पासबुक भरून आणलं, तर खात्यातून ६,००० गेलेले.

पाड्यावर तापलं. पोराने खाल्ले, चला धरू या, असं शेजारच्या काकांचं म्हणणं. ग्रुपवर फोटो टाकायचीही तयारी झाली होती. मी म्हटलं, काका, रागवा, पण आधी त्याचा हिशोब बघू. त्याने मोबाईल उघडून दाखवला: पहिल्या व्यवहाराचे पैसे त्याच्याकडेही जमा नव्हते. व्यवहार मध्येच अडकला होता. फोटो फिरला असता तर त्याच्या आईला बाजारात उभं राहणं कठीण झालं असतं, आणि आमचे पैसे काही त्यामुळे परत आले नसते.

बँकेत सांगितलं, केंद्रवाल्याला विचारा. केंद्रवाला म्हणाला, बँकेला विचारा. माणसाचा आवाज चढतो तो इथेच. मी एवढंच म्हटलं, "साहेब, तुमचं हेच म्हणणं कागदावर द्या, मी जातो." तोंडी नकार देणं सोपं असतं, लेखी द्यायचं म्हटल्यावर साहेबांनी अर्ज घेतला आणि पोचही दिली.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक मी सोबत नेलं होतं. आधारवरून पैसे काढताना खात्यातून रक्कम वजा झाली आणि केंद्रावर व्यवहार पुरा झाला नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत ती परत जमा व्हायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करायची वाट न बघता. बाबांचे ३,००० आले. भरपाई मात्र मागून घ्यावी लागली.

तेव्हा व्यवहार फसला तरी त्याची पावती मागा. ती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा लावू नका. तिच्यावरचा व्यवहार क्रमांक अर्जात लिहा. तो नसेल तर बँकेला शोधाशोधीचं निमित्त मिळतं. 'शिल्लक बघतो' म्हणून अंगठा मागितला, तर पडद्यावर रक्कम टाकली आहे का ते आधी वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर सोबत न्या. खात्याला चालू मोबाईल नंबर जोडा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही. कोणी परस्पर पैसे काढले असा संशय असेल तर मात्र थांबू नका, लगेच बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. आधारचा ठसा 'लॉक' करायचा सल्लाही मिळतो. शहरात ठीक आहे. आपल्याकडे रेशनच्या यंत्रालाही तोच अंगठा लागतो, हे विसरून लॉक केलं तर धान्य अडेल.

काका अजून म्हणतात, ही यंत्रं गरिबाला लुटायलाच आणली. मला पटत नाही. आमचं यावर अधूनमधून वाजतं, पण चहा एकत्रच होतो. खरा मतभेद आहे तो काकूंशी. पैसे काढताना केंद्रवाला वीस रुपये मागतो. बँकेच्या प्रतिनिधीने ग्राहकाकडून असे परस्पर पैसे घेऊ नयेत, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. काकू म्हणतात, रिक्षाभाडं वाचतं, पोराला दिले वीस तर काय बिघडलं? त्यांचं गणित चुकीचं नाही. मी मात्र देत नाही. "पावतीवर लिहून दे, लगेच देतो," असं म्हणतो, आणि ते वीस रुपये मग बहुतेक वेळा मागितलेच जात नाहीत.