उडी चुकली तर? पॅराट्रूपर्सच्या फसलेल्या उड्यांमधून दुकान सुरू करणाऱ्यांसाठी तीन धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दुसऱ्या महायुद्धातल्या पॅराशूट उड्यांबद्दल बोललो. व्हिडिओत वेळेचं बंधन असतं, बरंच काही राहून जातं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या उड्यांमध्ये खरी माणसं गेली, त्यातली कितीतरी विशी-बाविशीतली पोरं होती. दुकान बुडणं आणि जीव जाणं यांची बरोबरी होत नाही आणि मी ती करणारही नाही. पण सैन्यात मोहीम फसली की तिची नोंद होते, चौकशी होते, पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरतं. आपल्याकडे दुकान बंद पडलं की शटर खाली ओढायचं आणि "नशीब नव्हतं" म्हणायचं, विषय संपला! त्या नोंदींतून आपल्याला शिकायचंय.

उडी चुकते कशी?

साधा हिशोब करू. विमान ताशी १८० किलोमीटर वेगाने चाललंय, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. दारातून एकामागोमाग १६ जण उड्या मारतात. दोघांमध्ये एक-एक सेकंदाचं अंतर धरलं, तरी पहिला आणि शेवटचा यांच्यात पाऊण किलोमीटर पडतं. हे सगळं बरोबर झालं तर! त्यात रात्र, ढग, वारा, खालून तोफांचा मारा आणि घाबरलेला पायलट मिळवा. कागदावर फुली मारलेल्या शेतात माणूस नेमका उतरेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

तुमचंही तसंच आहे. दुकान उघडल्यावर समोरचा रस्ता सहा महिने खोदून ठेवतील, शेजारीच मोठं मार्ट येईल, सीझनचा माल उशिरा पोचेल. यातलं काय होईल हे आज सांगता येत नाही. पण ठरवलेल्या जागेऐवजी भलतीकडेच उतरलात, तर त्या क्षणी तुमच्याकडे काय असेल, हे मात्र आजच ठरवता येतं. आजचा धडा एवढाच आहे. तो तीन भागांत बघू.

धडा १: बंदूक अंगावर होती की पेटीत?

२० मे १९४१. ग्रीसचं क्रीट बेट. जर्मनीने हे बेट मुख्यतः हवेतून सैनिक उतरवून घ्यायचं ठरवलं. त्यांच्या पॅराशूटची रचना अशी होती की दोऱ्या पाठीमागे एकाच ठिकाणी जोडलेल्या. सैनिक डोकं पुढे करून झेप घ्यायचा, हवेत पॅराशूट वळवता यायचं नाही आणि उतरताना तो पुढे हातापायांवर पडायचा. त्यामुळे रायफल अंगावर बांधून उडी मारणं अवघड होतं. बहुतेकांच्या अंगावर पिस्तूल आणि थोडे हातबॉम्ब. रायफली, मशीनगन आणि त्यांच्या गोळ्या वेगळ्या पेट्यांतून, वेगळ्या पॅराशूटने खाली टाकायच्या. जमिनीवर उतरायचं, पेटी शोधायची, उघडायची, मग लढायचं.

आता मालेमे विमानतळाच्या पूर्वेला काय झालं ते बघा. एक बटालियन उतरली ती थेट न्यूझीलंडच्या सैनिकांच्या ठाण्यांवर. हातात पिस्तूल आणि रायफलींची पेटी पलीकडच्या जैतुनाच्या बागेत, मध्ये गोळीबार. पेटीपर्यंत पोचतानाच माणसं पडली. सुमारे ६०० पैकी ४००च्या आसपास माणसं त्या एका दिवसात गेली.

चुकीच्या जागी उतरणं वाईटच. पण चुकीच्या जागी रिकाम्या हाताने उतरणं, ते जीवघेणं ठरलं. पुढे जर्मनांनी पॅराट्रूपरला अंगावर घेऊन उडी मारता येईल अशी एफजी ४२ ही खास रायफल बनवली.

आता तुमचा हिशोब काढा. समजा जवळ ४ लाख आहेत. डिपॉझिट १ लाख, फर्निचर आणि बोर्ड दीड लाख, माल दीड लाख. झाले ४ लाख, दुकान एकदम चकाचक. पण भांडवल सगळं पेटीत गेलं! डिपॉझिट मालकाकडे, फर्निचर भिंतीला, माल रॅकवर. पहिले तीन महिने गिऱ्हाईक आलं नाही तर हातात काय? पिस्तूलसुद्धा नाही.

उलट असा विचार करा. भाडं १२ हजार, मदतनीस ९ हजार, वीज-इंटरनेट २ हजार, घरखर्च २० हजार. महिन्याला ४३ हजार. तीन महिन्यांचे १ लाख २९ हजार. ही रक्कम आधी बाजूला, वेगळ्या खात्यात. उरलेल्या २ लाख ७१ हजारांत बसेल तेवढंच दुकान. फर्निचर सेकंडहँड घ्या, माल अर्धा भरा, बोर्ड साधा लावा. गिऱ्हाईक तुमच्या सनमायकाचा रंग बघायला येत नाही.

आणि "अंगावर" म्हणजे फक्त पैसा नव्हे. दुकानाचं गूगल पेज भाच्याने बनवलं, पासवर्ड भाच्याच्या फोनमध्ये आणि भाचा नोकरीला पुण्यात. होलसेलवाल्याचा नंबर फक्त जुन्या पार्टनरकडे. क्यूआर कोड मेव्हण्याच्या खात्याचा. या सगळ्या पेट्याच आहेत. भांडण झालं किंवा फोन हरवला की कळतं पेटी कुठे पडली ते.

धडा २: प्रत्येकाला पूर्ण काम माहीत होतं का?

९ जुलै १९४३ची रात्र, इटलीचं सिसिली बेट. अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनची ५०५वी रेजिमेंट कर्नल जेम्स गॅव्हिन यांच्या हाताखाली ट्युनिशियाहून निघाली. २२६ विमानं, सुमारे ३४०० माणसं. वारा जोराचा, रात्रीचा प्रवास समुद्रावरून, बरेच पायलट अननुभवी. विमानं वाट चुकली आणि माणसं मैलोन्मैल पसरली. ठरलेल्या जागेजवळ उतरलेले थोडेच. खुद्द गॅव्हिन ठरल्या जागेपासून वीस-पंचवीस मैल दूर पडले. सोबत मूठभर माणसं.

कागदावर बघितलं तर मोहीम बुडालेली. पण ठिकठिकाणी चार-पाच जणांचे गट एकत्र आले. त्यांनी टेलिफोनच्या तारा तोडल्या, रस्त्यांवर दबा धरला, शत्रूच्या गाड्या अडवल्या. इतक्या ठिकाणी गोळीबार होताना बघून शत्रूला नेमके किती सैनिक उतरलेत हेच कळेना. गॅव्हिननी वाटेत भेटतील ती माणसं गोळा केली आणि ११ जुलैला बियाझा टेकडीवर रणगाड्यांसह आलेल्या जर्मन तुकडीला रोखून धरलं.

पुढच्या वर्षी, ६ जून १९४४ला नॉर्मंडीत पुन्हा तेच. सुमारे १३ हजार अमेरिकन पॅराट्रूपर, मध्ये ढगांचा पट्टा, खालून तोफा, परत सगळे विखुरले. यावेळी पायाला बांधायची सामानाची बॅग दिली होती. कित्येकांच्या बॅगा उडी मारताच हवेच्या झटक्याने तुटून गेल्या. लेफ्टनंट रिचर्ड विंटर्स त्यातलेच एक, जमिनीवर आले तेव्हा बंदूक नव्हती. तरी सकाळपर्यंत त्यांनी माणसं जमवली आणि डझनभर सैनिकांना घेऊन ब्रेकूर इथल्या चार तोफा बंद पाडल्या.

हे कसं जमलं? निघण्याआधी वाळूत त्या भागाची प्रतिकृती करून सगळ्यांना दाखवली होती. रस्ता कुठे, पूल कुठे, कुणाचं काम काय आणि ते का करायचं. साहेब सापडला नाही तरी शिपायाला माहीत होतं की किनाऱ्यावर उतरणाऱ्यांसाठी रस्ते मोकळे करायचेत.

आता इथे थांबा. "हिंमत असली की सगळं जमतं" असा अर्थ काढू नका. त्याच रात्री काही सैनिक पाण्याने भरलेल्या शेतांत पडले आणि पाठीवरच्या ओझ्यासकट बुडाले. त्यांना काय हिंमत कमी होती? तयारीमुळे संधी वाढते, गॅरंटी मिळत नाही. हे समजून घेतलंत तर धंद्यात स्वतःला उगाच दोष देणार नाही आणि उगाच फुशारणारही नाही.

तुमच्याकडे दिवाळीत फराळाची ऑर्डर आहे, ४० किलोची. दोन ताई मदतीला. त्यांना फक्त एवढंच माहीत की चकली पाडायची. ऐनवेळी तुम्ही तापाने झोपलात. पुढे काय? ऑर्डर कुणाची, कधी द्यायची, कुणी ॲडव्हान्स दिलाय, कुणाची एक दिवस पुढे ढकलली तर चालेल, हे सगळं तुमच्या डोक्यात. त्या ताई मेहनती आहेत, हुशार आहेत, तरी हातावर हात ठेवून बसतील. भिंतीवर एक फळा लावा. ऑर्डर, तारीख, वजन, बाकी रक्कम, फोन. आणि ऑर्डर का महत्त्वाची तेही सांगा. "हे कंपनीचं गिफ्ट आहे, वेळेत गेलं तर पुढच्या वर्षी परत मिळेल." कामाचं कारण कळलं की माणूस स्वतःहून निर्णय घेतो.

धडा ३: निरोप दिला की पोचला?

हा सगळ्यात जड प्रसंग आहे. परत सिसिली, ११ जुलै १९४३ची रात्र. ५०४व्या रेजिमेंटला मदतीला उतरवायचं होतं. १४४ विमानं, सुमारे २००० माणसं. उतरायची जागा आपल्याच सैन्याच्या ताब्यात. वाट समुद्रात उभ्या आपल्याच जहाजांवरून आणि किनाऱ्यावरच्या आपल्याच तोफांवरून.

आपली विमानं येणार, गोळी चालवू नका, असा निरोप सकाळीच दिला गेला होता. पण तो प्रत्येक तोफेपर्यंत पोचला नाही. त्यात दिवसभर आणि रात्रीही जर्मन विमानांचे हल्ले झाले होते, माणसं वैतागलेली, डोळे आभाळाकडे. पहिली काही विमानं नीट आली, सैनिक उतरले. मग कुठूनतरी एक मशीनगन सुरू झाली. ती ऐकून दुसरी, मग किनारा आणि जहाजं सगळीच. आपल्याच माणसांनी आपली २३ विमानं पाडली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ३००च्या वर.

जनरल पॅटन यांना संध्याकाळी धोका जाणवला होता. उड्डाण थांबवता येतं का ते त्यांनी पाहिलं, पण रेडिओवर संपर्क झाला नाही.

क्रीटमध्येही निरोपानेच घात केला, तो बचाव करणाऱ्यांचा. मालेमे विमानतळाशेजारच्या १०७ नंबरच्या टेकडीवर न्यूझीलंडची बटालियन होती. तारा तुटल्या, रेडिओ बंद पडला. पुढच्या कंपन्या संपल्या असं समजून कमांडरने रात्री माघार घेतली. त्या कंपन्या अजून जागेवर होत्या! दुसऱ्या दिवशी विमानतळ जर्मनांच्या हातात गेला, तिथे विमानांतून कुमक उतरू लागली आणि पहिल्या दिवशी हरत आलेले जर्मन पुढे जिंकले.

सिसिलीनंतर काय बदललं? नॉर्मंडीच्या वेळी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे जाड पट्टे रंगवले, खालच्याला बघताक्षणी ओळख पटावी म्हणून. १०१व्या डिव्हिजनच्या सैनिकांना टिक-टिक वाजणारं छोटं खेळणं दिलं. अंधारात एकदा वाजवायचं, समोरून दोनदा वाजलं तर आपला माणूस. उत्तर आलं तरच निरोप पोचला, असा साधा नियम.

आता दुकानात या. केकची ऑर्डर फोनवर घरच्यांनी घेतली, "अंडं अजिबात नको, घरात आजी आहेत." निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. करणाऱ्याने त्या दिवशी ग्रुप उघडलाच नाही. वाढदिवस त्या घरचा, भरवसा उडाला तुमच्यावरचा. मग तुम्ही म्हणता, "ग्रुपवर टाकलं होतं ना!" तोफेवरच्या माणसाबद्दलही कुणीतरी हेच म्हणालं असेल.

म्हणून नियम करा. महत्त्वाचा निरोप ऐकणाऱ्याने परत बोलून दाखवायचा. "ताई, बिनअंड्याचा, एक किलो, सहा वाजता." आणि चौकशी साखळीतल्या शेवटच्या माणसाकडे करायची, पहिल्याकडे नाही. उधारी बंद केली असेल तर दुपारी गल्ल्यावर बसणाऱ्या काकांना विचारा की त्यांना कळलंय का. बघा काय उत्तर येतं ते.

गृहपाठ

१. तुमच्या महिन्याच्या अटळ खर्चाची बेरीज करा, घरखर्चासकट. तिला तीनने गुणा. ही रक्कम वेगळी नसेल तर नोकरीचा राजीनामा टाईप करू नका. आईचे दागिने गहाण ठेवायला तर मुळीच जाऊ नका.

२. दुकानाच्या "पेट्या" लिहून काढा. पासवर्ड, नंबर, कागदपत्रं, खाती. कोणती दुसऱ्याच्या हातात आहे?

३. एक दिवस तुम्ही नाही असं समजा. मदतनिसाला विचारा, "उद्या काय काय करशील?" मध्ये बोलू नका, फक्त ऐका.

४. थांबायची रेषा आत्ताच लिहा. किती महिने, किती रुपये तोटा झाला की थांबणार? विमान उडाल्यावर पॅटनना थांबवता आलं नाही. धंद्यातही एकदा हप्ते सुरू झाले की डोकं शांत राहत नाही. रेषा लिहिलेला कागद घरातल्या एका माणसाकडे द्या, जो तुम्हाला स्पष्ट बोलू शकेल.

चारही उत्तरं एका पानावर मावतात. ते पान दुकानाच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, भाडेकराराच्याही वर. तिसऱ्या प्रश्नाला मदतनिसाने काय उत्तर दिलं ते मला कमेंटमध्ये नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.

भेटू पुढच्या आठवड्यात!