गायक जोडी : उभारणी आणि फारकत

यवतमाळ जिल्ह्यातील गायक जोड्या हंगामावर जगतात. गणपती, यवतमाळचा दुर्गोत्सव, १४ एप्रिलच्या आगेमागे भीमजयंतीचे मंच, मग लग्नसराई. जोडी बहुधा एखाद्या भजनी मंडळात किंवा ऑर्केस्ट्रात जुळते. एकाचा आवाज वरच्या पट्टीत चढतो, दुसरा चाली बांधतो आणि पेटी सांभाळतो. सुरुवातीची बिदागी डिझेलमध्येच जाते. पुढे आर्णीचा कार्यक्रम ऐकून दिग्रसचे मंडळ सुपारी देते, तिथून पुसद, उमरखेड. या काळात भांडण होत नाही, कारण वाटून घ्यायला फारसे काही नसते.

पहिले बिनसते ते बक्षिसावरून. बिदागी ठरलेली असते, बक्षीस नसते. श्रोता मंचावर येतो, नोट गाणाऱ्याच्या हातात देतो आणि निवेदक नाव पुकारतो. चाल कोणाची, हे कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखक चाली बांधणाऱ्यांपैकी आहे, हे येथे नोंदवलेले बरे. त्याच्या जोडीदाराच्या नोटा आधी पेटीवर पडत, नंतर त्या जॅकेटच्या आतल्या खिशात जाऊ लागल्या. हिशेब विचारला की ‘लोक आवाजाला देतात’ हे उत्तर ठरलेले. बक्षीस मंचामागेच, ढोलकवाल्यासमोर मोजावे आणि त्याचा वाटाही तिथेच द्यावा. ढोलकवाल्याची आठवण फार पक्की असते.

गाण्यातील हक्क वेगवेगळे असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा कर्ता गीतकार, चालीचा संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता. चाल स्वरलिपीत उतरवलेली नसली तरी हक्क असतो, प्रश्न पुराव्याचा. चाल सुचताच मोबाइलवर गुणगुणून ती फाइल स्वतःलाच मेल करावी. यूट्यूब चॅनेल कोणाच्या मेलवर उघडले आहे, हेही पाहावे. बाकी मैत्री आणि व्यवहार वेगळे ठेवावेत, असे सगळेच सांगतात.

नावाचा प्रश्न सर्वांत अवघड. दादा कोंडके यांनी सुरेंद्र आणि नागपूरचे विजय पाटील या संगीतकारांना ‘राम-लक्ष्मण’ हे नाव दिले. ‘पांडू हवालदार’ (१९७५) त्यांचाच. १९७६मध्ये सुरेंद्र गेले. पाटील यांनी पुढे ‘मैंने प्यार किया’ (१९८९), ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) हे चित्रपट एकट्याने केले, तरी श्रेयनामावलीत मित्राचे नाव आधी राहिले. सगळ्यांच्या नशिबी असा लक्ष्मण नसतो.

प्रस्तुत लेखकाला जोडी मोडल्याचे कोणी कळवले नाही. दारव्ह्याच्या बसस्थानकाजवळील फ्लेक्सवर ते दिसले. जोडीचे नाव तेच, फोटोही जुनाच. फक्त लेखकाच्या धडावर दुसऱ्याच एका पोराचा चेहरा चिकटवलेला. पेटीवरची बोटे मात्र लेखकाचीच होती, अंगठीसकट. खाली संपर्कासाठी जोडीदाराचा नंबर. मंडळे नंबर ओळखतात, माणूस नाही. म्हणून पत्रिकेवर, फ्लेक्सवर पहिल्या दिवसापासून दोन्ही नंबर हवेत, आणि बुकिंगच्या नंबरचे सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे हे माहीत हवे.

नफा वाटून घ्यायच्या बोलीने दोघांनी मिळून धंदा केला की कागद नसला तरी १९३२चा भागीदारी कायदा लागू होऊ शकतो. वेगळे ठरले नसेल तर वाटा समसमान. मात्र नोंदणी नसेल तर करारातील हक्कासाठी जोडीदारावर दावा लावता येत नाही. भागीदारी मोडून हिशेब मागता येतो. मोडल्यानंतर जाहीर सूचना देणे गरजेचे आहे. तोवर एकाने जोडीच्या नावाने उचललेल्या ॲडव्हान्सची जबाबदारी दुसऱ्यावरही येऊ शकते. भागीदारी नोंदलेली नसल्यास सूचना राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. तिचा खर्च निम्मा-निम्मा असावा. प्रस्तुत लेखकाने तो एकट्याने केला.