मोबिलिटीचा आकडा



सेंद्रिय अर्धवाहकांचा आधार कार्बन. त्यांच्या रेणूंत एकेरी व दुहेरी बंध आलटूनपालटून येतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी न थांबता साखळीभर पसरतात. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची विद्युतवाहकता लाखो पटींनी वाढली. 2000 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

सिलिकॉनच्या स्फटिकात अणू पक्क्या बंधांनी जखडलेले असतात; सेंद्रिय पदार्थांत रेणू दुबळ्या आकर्षणाने शेजारी-शेजारी टिकून असतात. म्हणून बहुतेक थरांत विद्युतभार रेणूवरून रेणूवर उड्या मारत जातो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची मोबिलिटी, म्हणजे विद्युतक्षेत्रात भार किती चपळाईने सरकतो याचे माप, सुमारे 1400 चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते. पेंटासीन या सेंद्रिय अर्धवाहकाच्या चांगल्या थरात ती 1 च्या आसपास भरते.

प्रकाश पडल्यावर तयार होणारी इलेक्ट्रॉन-होल जोडी, म्हणजे एक्सायटॉन, इथे घट्ट बांधलेली असते. ती तोडायला इलेक्ट्रॉन-व्होल्टचे काही दशांश लागतात. खोलीतली उष्णता जेमतेम 0.025 पुरवते. म्हणून सेंद्रिय सौरघटात दोन पदार्थांची सीमा लागते, आणि एक्सायटॉनने साधारण 10 नॅनोमीटरच्या आत ती गाठावी लागते. कोडॅकमधील चिंग टँग यांनी 1986 मध्ये असा दोन थरांचा घट दाखवला. पुढच्याच वर्षी व्हॅन स्लाइक यांच्यासह त्यांनी केलेल्या दिव्यातून आजच्या फोनचे ओएलईडी पडदे आले.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचे ते मोबिलिटीच्या आकड्याला. तो सहसा थेट मोजत नाहीत. ट्रान्झिस्टरच्या प्रवाहावरून सिलिकॉनसाठी बेतलेल्या सूत्राने काढला जातो. धातू आणि अर्धवाहक यांच्या जोडावर रोध नाही, हे त्या सूत्राचे गृहीत. सेंद्रिय उपकरणात हा रोध असतो आणि प्रवाह नियंत्रित करणाऱ्या गेटच्या व्होल्टतेनुसार बदलतो. मग प्रवाह-व्होल्टता आलेखाला मध्येच बाक येतो, आणि बाकाआधीचा तीव्र उतार धरला तर आकडा दहापटही फुगू शकतो. नुसता आकडा छापून आलेख न दाखवणारा लेख म्हणूनच अपुरा समजावा. चॅनेलची, म्हणजे प्रवाहमार्गाची, लांबी बदलत अनेक उपकरणे करावीत, जोडाचा रोध वेगळा काढावा आणि सर्वोत्तम आकड्याशेजारी सरासरीही द्यावी.

याच विषयात बेल लॅब्जच्या हेन्ड्रिक श्योन यांचे प्रकरण घडले. त्यांनी एकच आलेख निरनिराळ्या प्रयोगांसाठी वापरल्याचे 2002 च्या चौकशीत सिद्ध झाले. मूळ नोंदी पुसलेल्या होत्या, प्रयोगवह्या नव्हत्या. श्योन यांचे निष्कर्ष पडताळण्यात इतर प्रयोगशाळांतील किती तरुणांचे श्रम वाया गेले, याची हळहळ आजही वाटावी. चौकशीआधी शंका आली ती आलेखांतला गोंगाटसुद्धा तंतोतंत जुळत होता म्हणून. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, वहीत तारीख घालावी आणि न चाललेल्या उपकरणांचीही नोंद करावी.