जुनी एक्सपी, नवं मशीन आणि निळा पडदा

तुमच्यापैकी अनेकांच्या भारतातल्या घरी एक जुना कॉम्प्युटर कापडाखाली झाकून ठेवलेला असेल. आईवडिलांना तो टाकवत नाही आणि आपण सुट्टीत गेलो की "एकदा बघ ना, चालू होतो का" असं सांगितलं जातं. माझ्या वडिलांच्या अशाच एका मशीनमध्ये विंडोज एक्सपी होती आणि त्यात त्यांनी स्वतः टाइप केलेलं आठवणींचं बाड होतं. ते युनिकोडमध्ये नव्हतं. त्या काळच्या एका मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्याची सीडी हरवलेली आणि ते चालायला मागच्या पॅरलल पोर्टला एक छोटं लॉक लावावं लागायचं. मदरबोर्ड गेला होता, हार्ड डिस्क टकटक वाजत होती. डिस्क आणि लॉक हँडबॅगेत घालून मी इथे घेऊन आलो.

म्हणजे नवी विंडोज टाकून भागणार नव्हतं. तीच एक्सपी, तिच्यात बसवलेल्या त्याच सॉफ्टवेअरसकट, दुसऱ्या मशीनवर उभी करायची होती. या खटाटोपात जे अडथळे आले ते एक्सपीच्या बाबतीत जवळपास सगळ्यांना येतात, म्हणून ते क्रमाने सांगतो. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिच्या तक्रारी विचित्र वाटतात, पण एकदा ती तारीख लक्षात ठेवली की त्यातल्या बऱ्याचशा उलगडतात. २००१ नंतर जे जे हार्डवेअर आलं, ते तिच्या मूळ सीडीला ठाऊकच नाही.

आधी माझी चूक. टकटक वाजणारी डिस्क मी यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली आणि विंडोजने "या डिस्कमध्ये दोष आहेत, दुरुस्त करू?" असं विचारल्यावर हो म्हणालो. चेकडिस्क हा प्रोग्राम फाइलसिस्टिमचा हिशेब जुळवतो, त्यातल्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नव्हे. ज्यांची नोंद सापडत नाही ते तुकडे तो 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नुसते क्रमांक देऊन टाकतो, आणि हे करताना मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहीतही असतो. वडिलांची दोन प्रकरणं अशी क्रमांकांत गेली. तुम्ही हे करू नका. लिनक्सची लाइव्ह यूएसबी घ्या, डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम वापरा आणि पूर्ण डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर प्रत एका फाइलमध्ये उतरवा. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग घेतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतो. ही प्रत म्हणजे तुमची इमेज. तिला हात लावायचा नाही, तिची आणखी एक प्रत काढून तिच्यावर प्रयोग करायचे. माझी डिस्क ४० जीबीची होती आणि तिला एक अख्खी रात्र लागली.

ती प्रत मी ३२० जीबीच्या एका साटा डिस्कवर उतरवली. पॅरलल पोर्ट असलेला एक जुना डेस्कटॉप एका मित्राच्या बेसमेंटमध्ये मिळाला. डिस्क त्यात घातली, बटण दाबलं. एक्सपीचा लोगो आला, निळ्या पट्ट्या दोनदा सरकल्या आणि निळा पडदा आला. त्यावरच्या कोडचा शेवट होता सेव्हन बी. अर्थ असा, की ज्या डिस्कवरून चालू व्हायचं तीच डिस्क पोहोचेनाशी झाली आहे.

इथे जरा थांबू, कारण ही गोष्ट समजली की पुढचं अर्धं सोपं होतं. लोगो डिस्कवरूनच तर आला. मग डिस्क पोहोचत नाही म्हणजे काय? मशीन चालू होताना डिस्क वाचायचं काम बायोस करतो. बायोस हा दुभाषा समजा. तो डिस्कशी तिच्या भाषेत बोलतो आणि एक्सपीचा एनटीएलडीआर हा छोटा प्रोग्राम त्याच्यामार्फत विंडोजचा गाभा मेमरीत आणतो. गाभा जागा झाला की दुभाषाला रजा मिळते. तिथून पुढे विंडोजने स्वतःच्या ड्रायव्हरने थेट डिस्क कंट्रोलरशी बोलायचं असतं. वडिलांच्या एक्सपीकडे त्यांच्या जुन्या मदरबोर्डाच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर होता, या नव्या कंट्रोलरची भाषा तिला येत नव्हती. म्हणून क्षणापूर्वी जिथून ती स्वतः आली, तीच डिस्क तिला दिसेना. अशा वेळी डिस्क खराब आहे समजून फॉरमॅट करणारे लोक मी पाहिले आहेत. डिस्क ठणठणीत असते.

उपाय म्हणजे रिपेअर इन्स्टॉल. एक्सपीच्या सीडीवरून सुरुवात करायची, म्हणजे ती विंडोजच्या फाइली आणि ड्रायव्हर पुन्हा बसवते, पण प्रोग्राम आणि कागदपत्रं तशीच ठेवते. मी सीडी घातली. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बराच वेळ फाइली वाचून झाल्या आणि उत्तर आलं की या कॉम्प्युटरला हार्ड डिस्कच जोडलेली नाही.

रोग तोच, रोगी वेगळा. आता सीडीवरच्या सेटअपलाच कंट्रोलरची भाषा येत नव्हती. साटा डिस्कशी बोलायची एएचसीआय नावाची पद्धत एक्सपीच्या नंतर आली. यावर तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा, बायोसमध्ये जाऊन साटा मोड 'एएचसीआय'वरून 'आयडीई' करायचा. काही बोर्डांवर त्यालाच 'कंपॅटिबल' किंवा 'लेगसी' म्हणतात. मग कंट्रोलर जुन्या डिस्कचं सोंग घेतो आणि एक्सपी खूश होते. दुसरा मार्ग, सेटअप सुरू होताच खालच्या ओळीत एफ-६ दाबायची सूचना काही सेकंद येते तेव्हा ते दाबून ड्रायव्हर देणं. पण एक्सपी हा ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरून घेते, पेनड्राइव्ह तिथे चालत नाही. आज फ्लॉपी ड्राइव्ह कुठून आणणार? तिसरा मार्ग, एनलाइटसारख्या प्रोग्रामने ड्रायव्हर आधीच सीडीत मिसळून नवी सीडी जाळणं. बायोसमध्ये आयडीईचा पर्यायच नसेल तर याला इलाज नाही. मी पहिला मार्ग घेतला आणि लगेच डिस्क दिसली. एक सावधगिरी मात्र बाळगा. ज्या मशीनवर एएचसीआय मोडमध्ये विंडोज आधीपासून नीट चालते आहे, तिथे हा मोड सहज म्हणून बदलू नका. सेव्हन बी तिथेही हजर होईल.

आता एक असा सापळा, ज्यात पुष्कळांचा डेटा गेला आहे. सेटअपच्या पहिल्याच पानावर 'रिपेअरसाठी आर दाबा' असं लिहिलेलं असतं. ते दाबायचं नाही! तो आर तुम्हाला रिकव्हरी कन्सोलमध्ये नेतो, तिथे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसावं लागतं. इथे एंटर दाबायचं, पुढे एफ-८ दाबून करार मान्य करायचा. मग सेटअप डिस्कवरची जुनी विंडोज शोधून दाखवतो आणि दुसऱ्यांदा आर विचारतो. आपला आर तो. दुसरा आर विचारलाच नाही आणि थेट पार्टिशनची यादी आली, तर एफ-३ दाबून बाहेर पडा. त्या यादीतून पुढे गेलात तर ती नवी विंडोज बसवणं ठरतं, आणि तिथे फॉरमॅटचा पर्याय एका एंटरच्या अंतरावर असतो.

फाइली कॉपी झाल्या की मशीन रीस्टार्ट होतं आणि 'सीडीवरून सुरू करायला कोणतीही की दाबा' असं विचारतं. आपण सवयीने दाबतो. मग पहिलं पान पुन्हा येतं आणि वाटतं की सगळं वाया गेलं. की फक्त पहिल्या वेळी दाबायची, नंतर हात मांडीवर ठेवायचा. कॉपी होताना एखादी फाइल वाचता येत नाही अशी तक्रार आली तर आधी सीडी पुसा, तरीही दरवेळी वेगळ्याच फाइलवर अडत असेल तर मेमरीचा संशय घ्या आणि मेमटेस्ट रात्रभर चालवा.

रिपेअर पूर्ण झालं. एक्सपी उघडली, वडिलांचा वॉलपेपर दिसला. मी आनंदात क्लोन केलेलं पार्टिशन पूर्ण ३२० जीबीपर्यंत वाढवलं आणि त्यावर घरचे सगळे जुने फोटो भरायला लागलो. दुसऱ्या दिवशी डिस्क वाचताच येईना.

याचं कारण गणितात आहे. डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते आणि प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक लिहायला २८ बिट मिळायचे. २चा २८वा घात म्हणजे २६,८४,३५,४५६. त्याला ५१२ने गुणा, १३७ अब्ज बाइटच्या थोडं वर उत्तर येतं. डिस्कच्या खोक्यावरच्या भाषेत हे १३७ जीबी, विंडोजच्या १०२४च्या हिशेबात बरोबर १२८ जीबी. म्हणूनच मोठ्या डिस्कवर मूळ एक्सपीचा सेटअप सुमारे १ लाख ३१ हजार एमबीच दाखवतो आणि लोकांना वाटतं दुकानदाराने फसवलं. पुढे ४८ बिटांचा क्रमांक आला, त्यात १४४ पेटाबाइट मावतात. पण एक्सपीला तो समजायला लागला २००२च्या सर्व्हिस पॅक १पासून.

सीमेपलीकडे लिहिलं तर काय होतं? गाडीचा जुना मीटर आठवा. ९९,९९९नंतर तो शून्यावर येतो. २८ बिटांत न मावणाऱ्या क्रमांकाचे वरचे बिट गळून पडले की उरतो तो लहान क्रमांक, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीची जागा. तिथे पार्टिशनची यादी आणि फाइलसिस्टिमची मुळं असतात. फोटो तिथे जाऊन बसले.

वडिलांच्या एक्सपीवर सर्व्हिस पॅक २ होता, मग असं कसं झालं? कारण माझी सीडी २००१ची मूळ होती. रिपेअर इन्स्टॉल सीडीवरच्या आवृत्तीकडे घेऊन जातं, म्हणजे मीच तिला मागे ढकललं होतं. तुम्ही रिपेअर करणार असाल तर सीडी बसवलेल्या एक्सपीइतक्या किंवा तिच्यापेक्षा नव्या सर्व्हिस पॅकची हवी. तशी नसेल तर दुसऱ्या मशीनवर सीडीतल्या फाइली फोल्डरमध्ये काढून त्यात सर्व्हिस पॅक ३ मिसळा आणि नवी सीडी जाळा. यालाच स्लिपस्ट्रीम म्हणतात, एनलाइट हेही करतं. सीडीचा प्रकार आणि प्रॉडक्ट की जुळायला हवी हेही आलंच. मशीनसोबत मिळालेली की दुकानातल्या सीडीला चालत नाही.

इमेज कपाटात होती म्हणून फक्त एक संध्याकाळ वाया गेली. पुन्हा क्लोन केलं, या वेळी पार्टिशन १०० जीबीचंच ठेवलं, नव्या सीडीने दुसरा आर दाबला. लॉक मागे लावलं. बाड उघडलं.

हे सगळं व्हर्च्युअलबॉक्समध्ये का केलं नाही, असं तुम्ही म्हणाल. करता आलं तर जरूर तेच करा. तिथे एक्सपीसाठी आयडीई कंट्रोलर आपोआप मिळतो, त्यामुळे निम्मी भांडणं मिटतात. यूएसबी लॉकही आत देता येतं. पॅरलल पोर्टवरचं लॉक आत पोहोचवणं मात्र फार किचकट. आणि मशीन खरं असो वा व्हर्च्युअल, त्याला इंटरनेट देऊ नका. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. फाइली पेनड्राइव्हने बाहेर काढा.

आता शेवटची पायरी, जी मराठी लोकांनाच लागते. जुन्या फॉन्टमधला मजकूर आत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळं अगम्य इंग्रजी दिसतं. तो युनिकोडमध्ये न्यायला कन्व्हर्टर मिळतात. रूपांतर झालेला मजकूर त्याच एक्सपीवर तपासायला गेलो तर पहिली वेलांटी अक्षरानंतर आणि जोडाक्षरं फुटलेली. कन्व्हर्टर चुकला असं समजू नका. एक्सपीत मंगल फॉन्ट असतो, पण अक्षरं जोडणारा भाग मुद्दाम सुरू करावा लागतो. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस, त्यात 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात टिक. मग ती सीडी मागते आणि रीस्टार्टनंतर वेलांटी जागेवर येते.

तरी मूळ सॉफ्टवेअरमधून सगळ्याची पीडीएफ काढून ठेवा, पडताळायला ती लागते. माझ्या कन्व्हर्टरने प्रत्येक रफार एक अक्षर पुढे सरकवला आहे. पीडीएफ शेजारी ठेवून रोज रात्री दोन पानं दुरुस्त करतो, आणि अडलेला शब्द रविवारच्या फोनवर वडिलांना विचारतो. हरवलेल्या दोन प्रकरणांपैकी एकाचे तुकडे क्रमांकांच्या फाइलींत सापडले आहेत. दुसरं ते पुन्हा सांगायला तयार आहेत, मी टाइप करायचं.