ऑरलँडोत उतरायचं कुठे?

टॅम्पा, फ्लोरिडा

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज मिळाला, सोबतचे तिन्ही जागांचे फोटोही पाहिले. दादा-वहिनी एप्रिलमध्ये साताऱ्याहून तुमच्याकडे येताहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही सगळे मिळून डिस्ने वर्ल्डला यायचं म्हणताय, हे वाचून फार आनंद झाला. "आत्या, तू तिथून तास-सव्वा तासावर राहतेस, यातलं कुठलं घेऊ ते तूच सांग," असं तू लिहिलंयस. फोनवर हे नीट सांगून होणार नाही आणि मृणाललाही वाचता यावं, म्हणून सविस्तर लिहिते.

खोली बघण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोध. दुपारचा एक वाजलाय, ईरा रडवेली झालीये, अद्वैतची झोपेची वेळ टळून गेलीये, वहिनींचे गुडघे बोलायला लागलेत. अशा वेळी तुम्ही किती वेळात पलंगावर आडवे व्हाल? मी जागा निवडते ती या एका उत्तरावरून. दर, सजावट, पोहण्याचा तलाव हे सगळं त्याच्यामागून.

डॅव्हनपोर्टचा बंगला तुझ्या मनात भरलाय, हे त्याचे फोटो सर्वांत जास्त आहेत त्यावरूनच कळलं. पाच बेडरूम, मागच्या अंगणात स्वतःचा पूल, स्वयंपाकघरात सगळी भांडीकुंडी, आणि माणशी हिशेब केला तर डिस्नेच्या हॉटेलपेक्षा कितीतरी स्वस्त. हिशेब खरा आहे, पण तो रात्रीचा हिशेब आहे. दुपारचा करून बघ. मॅजिक किंगडमला गाडी दारात लावता येत नाही. ती तळ्याच्या अलीकडे, 'ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर'च्या मैदानात ठेवायची आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जायचं. दुपारी परतायचं म्हणजे आधी किल्ल्यापासून मेन स्ट्रीटने चालत फाटकापर्यंत यायचं, मग मोनोरेल, मग पार्किंगची ट्राम. ट्राममध्ये स्ट्रोलर मिटवावाच लागतो, म्हणजे झोपलेलं मूल उठवून कडेवर घ्यायचं. पुढे उन्हात तापलेली गाडी, दोन कार सीट, त्यांचे पट्टे, आणि मग आय-फोर हायवे, जिथे गर्दीची वेळ कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच. दीड तासाच्या झोपेसाठी एवढं कोणी करत नाही, म्हणून लांब उतरलेली माणसं दुपारी परत जातच नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पार्कमध्ये कुठेही बघ: स्ट्रोलरमध्ये मान टाकून झोपलेली पोरं, बाकावर चपला काढून बसलेले आजी-आजोबा आणि एकमेकांवर चिडलेले आईबाप दिसतात. ज्यांच्यासाठी एवढा खर्च केला, त्यांचे फार हाल होतात.

शिवाय तुम्हा सहाजणांना आणि दोन कार सीटना मिनीव्हॅनच लागेल. तिचं भाडं, पेट्रोल आणि पार्कचं रोजचं पार्किंग बंगल्याच्या दरात मिळव, मग तुलना कर. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पार्कचं पार्किंग पडत नाही आणि त्यांच्या बसही फुकट असतात. तुम्हाला गाडीच लागणार नाही.

इथे अंतराला एवढं महत्त्व का, त्यामागे एक गोष्ट आहे. वॉल्ट डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उभारलं, तेव्हा त्याच्याकडे जमीन बेताची होती. बघता बघता कुंपणाबाहेर दुसऱ्यांची मोटेलं उभी राहिली. ती गोष्ट त्याला फार लागली. म्हणून फ्लोरिडात त्याने १९६४-६५ मध्ये वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. तो स्वतः १९६६ च्या डिसेंबरात गेला, पण १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं तेव्हा त्याच्या जोडीने कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलंही उघडली. पार्क आणि मुक्काम ही इथे पहिल्यापासून एकत्र आखलेली गोष्ट आहे. ॲनाहाइमला रस्त्यापलीकडच्या मोटेलातून चालत फाटकावर जाता येतं, तसं इथे होत नाही. आजही डिस्नेच्या ताब्यातली जागा जवळपास सॅन फ्रान्सिस्को शहराएवढी आहे आणि चारही पार्क एकमेकांपासून मैलोन्मैल दूर आहेत. 'डिस्नेपासून फक्त दोन मैल' असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा हद्दीपासूनचं अंतर असतं. तू फाटकापर्यंतचं अंतर नकाशावर मोजून बघ.

तुझ्या यादीतलं दुसरं, किसिमीचं स्वस्त हॉटेल. 'मोफत शटल' हे शब्द वाचून तू ते निवडलंयस. त्यांना फोन करून नेमक्या वेळा विचार. अशा शटल बहुधा सकाळी एक-दोनदा नेतात आणि संध्याकाळी-रात्री आणतात, वाटेत आणखी हॉटेलं घेतात आणि मॅजिक किंगडमसाठी त्याच पार्किंगच्या मैदानात सोडतात. दुपारी एकची फेरी नसली तर आपल्याला त्या शटलचा उपयोग नाही. दरासोबत 'रिसॉर्ट फी' वेगळी लागते का तेही विचार, कारण शेवटच्या पानावर ती आणि साडेतेरा टक्क्यांच्या घरातला कर चढला की स्वस्ताई बरीच ओसरते.

तिसरं कंटेम्पररी. जागा म्हणून त्याला तोड नाही. इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते आणि मॅजिक किंगडमपर्यंत दहा मिनिटांत चालतही जाता येतं. पण एका रात्रीला पाचशे डॉलरच्या वर मोजायचे आणि तुम्हाला खोल्या लागणार दोन. तेवढे पैसे तिथे घालू नकोस असं मी स्पष्ट सांगते. तुम्ही मॅजिक किंगडमला फार तर दोन दिवस जाल. बाकीच्या तीन पार्कांना तुम्हीही इतरांसारखेच मोनोरेल बदलत नाहीतर बसने जाणार.

तुमच्यासाठी मी सुचवते ते 'आर्ट ऑफ ॲनिमेशन'मधलं फॅमिली स्वीट. डिस्नेच्या हॉटेलांचे तीन मुख्य वर्ग आहेत, व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स. हे नावाला व्हॅल्यूमध्ये मोडतं, पण स्वीटचा दर मॉडरेटच्या साध्या खोलीपेक्षा चढाच असतो, ते आधीच लक्षात घे. त्या पैशांत काय मिळतं ते ऐक. सहाजणांची झोपायची सोय आहे, पाळण्यातलं मूल वेगळं. दार लावता येईल अशी स्वतंत्र बेडरूम आहे, ती दादा-वहिनींना दे. बाहेरच्या खोलीत सोफ्याचा पलंग होतो, आणि जेवायचं टेबल खाली ओढलं की भिंतीतून दुसरा पलंग येतो. ईरा तो पलंग सोडायची नाही बघ. बाथरूम दोन आहेत. दादाला पहाटे पाचला उठून आंघोळ लागते, हे तुला मी सांगायला नको. ओटा नाही, पण छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे. स्वीटचे नेमो, कार्स आणि लायन किंग असे विभाग आहेत. तू नेमो मागून घे. मोठा पूल त्याच्याच अंगणात आहे आणि स्कायलायनरचं स्टेशनही जवळ पडतं.

स्कायलायनर म्हणजे २०१९ साली सुरू झालेला रोपवे. त्याने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही दोन पार्क गाठता येतात, मध्ये 'कॅरिबियन बीच' हॉटेलच्या स्टेशनवर पाळणा बदलायचा. स्ट्रोलर मिटवावा लागत नाही, तसाच आत ढकलायचा. याचं मोल झोपलेल्या मुलाच्या आईला विचार. पाळणे थांबत नाहीत, हळू सरकत असतात, म्हणून वहिनी बिचकतील. पण व्हीलचेअरसाठी बाजूला वेगळी जागा असते, तिथे पाळणा पूर्ण थांबतो. गुडघ्यांची अडचण सांगितली की तिथून चढू देतात. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला मात्र बस. ती थेट फाटकापाशी सोडते आणि परतीलाही तिथेच मिळते, मोनोरेल-ट्रामची भानगड नाही. बसमध्ये स्ट्रोलर मिटवावा लागतो आणि रात्री आतषबाजी संपली की रांग लांबलचक होते. घाई न करता अर्धा तास मेन स्ट्रीटवर रेंगाळलात तर ती बरीच कमी झालेली असते.

याच हॉटेलांचा आणखी एक फायदा सकाळचा. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज चारही पार्कांत इतरांआधी अर्धा तास सोडतात. ऐकायला थोडं वाटतं, पण मॅजिक किंगडममध्ये त्या अर्ध्या तासात पीटर पॅनची राइड रांगेविना उरकते, आणि दहानंतर तिथे ईरासारख्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तासभर उभं राहावं लागतं. रांग टाळायचे 'लाइटनिंग लेन' पास पैसे देऊन घ्यायचे ठरवलंत, तर तुम्हाला ते सात दिवस आधी बुक करता येतात, बाहेर उतरणाऱ्यांना तीनच दिवस आधी. सकाळी लवकर जा, अकरा-बारापर्यंत हिंडा, खोलीवर येऊन जेवा, झोपा, आणि पाच वाजता ताजेतवाने होऊन पुन्हा निघा. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारी ऊन भाजून काढतं आणि तीन-चारच्या सुमाराला विजांसह पाऊस कोसळतो. विजा चमकल्या की स्कायलायनर थांबतो, पूल रिकामे करतात, उघड्यावरच्या राइड बंद होतात. पार्कात त्या वेळी फारसं काही करता येत नाही, म्हणून ती वेळ झोपेत गेली तर तुमचं काहीच बुडत नाही.

जेवणाची काळजी मृणालला असेल. दादाचा वरणभात सुटत नाही, हे मान्य आहे. पण त्यासाठी बंगला घेऊ नका. खोलीत स्वयंपाकाला परवानगी नसते, तेव्हा कुकर-इंडक्शन बॅगेत भरू नका. दशम्या, मेथीचे ठेपले, चटणी, मायक्रोवेव्हमध्ये होणारा भात एवढं सोबत असलं की दुपार निभते. पार्कात घरचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेची बाटली आणि दारू चालत नाही. ॲनिमल किंगडमच्या दिवशी मात्र जेवायला 'सना'मध्ये जा. ते ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी विभागात आहे, तिथे उतरलेलं असावं लागत नाही. आफ्रिकी स्वयंपाकाला हिंदुस्थानी वळण दिलेलं आहे, नान येतात, सोबत चटण्या-लोणच्यांच्या वाट्यांची रांग येते, आणि खिडकीबाहेर जिराफ नि झेब्रे चरत असतात. जागा आधी राखून ठेव. वहिनींना हे मनापासून आवडेल.

दादाला व्हीलचेअर म्हटलं की राग येतो, म्हणून हे तुलाच सांगते. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चाल सहज होते. एपकॉटमधल्या देशांच्या दालनांना नुसता एक वळसा घातला तरी दोन किलोमीटर होतात. वहिनींसाठी पार्कात व्हीलचेअर भाड्याने घे आणि ती ढकलायचं काम दादाला दे. म्हणजे त्यालाही धरायला आधार राहील.

तारखांबद्दल माझं ऐकशील तर ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे धर. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडतात, तुमच्या न्यू जर्सीच्या सप्टेंबरात. त्या मधल्या दिवसांत गर्दी ओसरलेली असते आणि खोल्यांचे दरही जुलैपेक्षा उतरतात. चक्रीवादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो आणि ऑगस्टअखेर त्याचा जोर वाढतो, हे खरं. म्हणून बुकिंग रद्द करण्याच्या अटी वाचल्याशिवाय कार्ड पुढे करू नकोस. डिस्नेची नुसती खोली घेतली तर येण्याच्या काही दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात, खोली-तिकीट एकत्र घेतलंस तर महिनाभर आधी ठरवावं लागतं. अद्वैत तीनच्या आत आहे, त्याला तिकीट पडत नाही. विमानतळावरून डिस्नेची मोफत बस असायची, ती २०२२ च्या जानेवारीपासून बंद झाली, तेव्हा कार सीटवाली गाडी आधी सांगून ठेव. पोचल्या दिवशी पार्कचं तिकीट घेऊ नका, पुलातच डुंबा.

युनिव्हर्सलचं तू विचारलंस. मे २०२५ मध्ये त्यांचं 'एपिक युनिव्हर्स' उघडलंय आणि सगळे त्याबद्दलच बोलताहेत. पण तिथल्या बऱ्याच राइडना उंचीची अट असते, ईरा अजून लहान आहे. ती दहा-बारा वर्षांची झाली की तिकडे जा, त्या वेळी बंगलाही खुशाल घ्या. दुपारच्या झोपेचा प्रश्न तेव्हा उरलेला नसेल.

तारखा नक्की झाल्या की लगेच कळव, कारण नेमोची स्वीटं लवकर भरतात. मॅजिक किंगडमच्या दिवशी मी टॅम्पाहून येईन. संध्याकाळी अद्वैतला घेऊन मी खोलीवर थांबते, तुम्ही चौघं ईराला घेऊन आतषबाजी बघून या. दादाला आणि वहिनींना नमस्कार सांग, मृणालला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या