दडलेल्या गमती

गिरणेच्या काठी वसलेल्या भडगावाच्या शेजारी, एरंडोल तालुक्यात, फरकांडे नावाचे गाव आहे. तेथे उतावळी नदीजवळ दोन जुने मनोरे बांधलेले होते. एका मनोऱ्यात चढून तो हलविला, की दुसरा आपोआप डोलू लागे. पहिल्याचा झोका बांधकामातून दुसऱ्यापर्यंत पोहोचे, आणि दोघांची घडण सारखी असल्यामुळे दुसराही त्याच तालावर झुले. त्यांपैकी एक मनोरा पुढे ढासळला. दुरून पाहणाऱ्यास या करामतीची शंकाही येत नसे. जो हात लावील त्यालाच ती कळे.

हाच खट्याळपणा आजच्या कारागिरांनी संगणकात आणला आहे. महाजालावरील पाने उघडून दाखविणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर म्हणतात. तिच्यात, किंवा तिने दाखविलेल्या पानांत, निर्माते कधी कधी एखादी गंमत दडवून ठेवतात. ईस्टरच्या सणात रंगविलेली अंडी बागेत लपवितात व मुले ती हुडकून काढतात. त्यावरून या गमतींना ‘ईस्टर एग’ हे नाव पडले.

या नावामागे एक गाऱ्हाणे आहे. अटारी ही अमेरिकन कंपनी आपल्या खेळांवर ते रचणाऱ्यांची नावे घालीत नसे. वॉरन रॉबिनेट या तरुणाने ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ रचला आणि त्यात एक गुप्त खोली ठेवली. राखी रंगाचा एक इवलासा ठिपका शोधून योग्य जागी नेला, की ती खोली उघडे व तीत त्याचे नाव झळके. ही गोष्ट त्याने वरिष्ठांनाही सांगितली नाही. १९८० साली खेळ बाजारात आला, आणि एका मुलाने कंपनीस पत्र लिहिले तेव्हा ती उघडकीस आली. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता!

२००९ साली रिकार्डो काबेयो या स्पॅनिश कलावंताने गूगलच्या शोधपानाची एक नक्कल केली. हे पान उघडताच त्यावरील अक्षरे, चौकटी, बटणे सारी धडाधड खाली कोसळतात. ती उचलून फेकावी, तर भिंतीवर आपटून परत येतात. पडद्यावर गुरुत्वाकर्षण कोठून आले? तेथे असते ती केवळ बेरीज. एका सेकंदाचे समजा साठ भाग केले. प्रत्येक भागात वस्तूच्या वेगात थोडी भर घालावयाची, आणि त्या वेगाइतकी ती खाली सरकवावयाची. पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदास ९.८ मीटरने वाढतो; त्याचा साठावा हिस्सा म्हणजे सुमारे ०.१६. वस्तू तळाला टेकली, की वेगाची दिशा उलटी करून तो काहीसा कमी करावयाचा, म्हणजे ती चेंडूसारखी उसळते. हे गणित इतक्या त्वरेने होते, की डोळ्यांना ते पडणेच वाटते.

अशी थट्टा सर्वांनाच रुचते असे मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सेल ९७’ या हिशेबाच्या आज्ञावलीत विमान उडविण्याचा एक खेळच दडविलेला होता. गिऱ्हाइकाने मागितली नाही व त्यास सांगितलीही नाही, अशी वस्तू त्याच्या संगणकात असावी काय, असा प्रश्न पुढे उभा राहिला. आज एक गंमत दडली, तर उद्या अपायकारक काही दडणार नाही कशावरून? ही शंका रास्तच होती. त्या कंपनीने मग अशा लपवाछपवीस मनाई केली.

क्रोम ब्राउझरातही एक डायनोसॉर दडलेला आहे. तो २०१४ साली आला. महाजालाशी संबंध तुटला, की पडद्यावर हा लहानसा प्राणी उभा राहतो. कळपाटावरील लांब पट्टी दाबली, की तो धावू लागतो. निवडुंग आले की त्याला उडी मारावयास लावावे लागते. २०१८ साली हा खेळ महिन्याकाठी २७ कोटी वेळा खेळला जात होता, आणि खेळणाऱ्यांत भारतासारख्या, जेथे जोडणी वरचेवर तुटते, अशा देशांतील लोक पुष्कळ होते. कोणी न चुकता खेळत राहिला, तर खेळ संपावयास सुमारे १ कोटी ७० लाख वर्षे लागतील, अशी त्याची रचना आहे.